उतार एकास तीन

बत्तीस वर्षं भोसरीत मी पंपांची ड्रॉइंगं काढली.
पाणी इथून घ्यायचं, तिथं फेकायचं,
थांबू द्यायचं नाही कुठंच,
असा एकूण कारभार.
आता सहकारनगरातल्या या घरामागे,
पेरू आणि कुंपणाची भिंत यांच्या मधे,
नऊ फूट बाय सहा,
पाण्यानं नुसतं असावं
म्हणून कागद पसरलाय जेवणाच्या टेबलावर,
चार कोपऱ्यांवर चार वाट्या.

सरळ रेघ मारायची नाही, हे पहिलं.
हाताला जड जातं ते.
काठ कसा, तर पहिल्यांदाच लाटायला बसलेल्या
पोराच्या हातची पोळी.
मधे दोन फूट खोल, मे महिन्यातही बुडाशी गारवा राहील इतकं.
पेरूच्या बाजूला वीतभरच, तिथं वेखंड.
आणि एका अंगाला उतार, एकास तीन,
गोट्यांचा, खडबडीत,
म्हणजे तळजाईवरून पाणी प्यायला उतरलेलं मुंगूस
किंवा खारीचं एखादं वेंधळं पिल्लू
पडलंच आत, तर चालत बाहेर येईल.
पंपात बाहेर पडायची वाट एकच असते,
आणि तिथं कुणी चालत येत नाही.

मासे नकोत.
हे खाजगीवाल्यांना पटत नाही.
ते भिंतीवरून: अहो डास! डेंग्यू!
महापालिकेचा माणूस नोटीस चिकटवून जाईल दाराला.
गप्पी सोडा, फुकट मिळतात.
गप्पी बेडकांची पिल्लं खातात, मी म्हणते,
आणि डासांच्या अळ्यांना चतुराची पिल्लं पुरून उरतात.
बरं, पण चतुर येईपर्यंत आम्ही काय करायचं?
प्रश्न रास्त आहे.
समासात लिहून ठेवलाय.

मुग्धा फोनवर विचारते, पोहायला का गं?
नाही.
मग कारंजं?
नाही.
मग त्यात होणार काय?
काही झालं तर कळवीन, म्हटलं.

शनिवारी सायबण्णा येऊन गेला, नुसता बघायला.
पहार एकदाच मारली. ठण्ण.
दीड फुटावर काळा पाषाण.
"बाई, पुणं आहे हे," म्हणाला,
जसं साठ वर्षांत मला कुणी सांगितलंच नव्हतं.
मग खोली खोडली. कडेनं सहा इंचांचा बांध वाढवला,
माती-मुरूम तिथलाच.
खोडरबराचा भुगा झटकताना वाटलं,
नोकरीत कितीजणांनी माझी ड्रॉइंगं परत पाठवली,
दगडानं पहिल्यांदाच.

नळाचं पाणी लगेच चालत नाही.
औषधाचा वास उडेपर्यंत उघडं ठेवावं लागतं, दोन-तीन दिवस.
खरंच उडतो का ते बघावं
म्हणून निळी बादली भरून ठेवली मागच्या पायरीवर.
ती मंगळवारी.
गुरुवारी दुपारी काठाची चौथी प्रत काढत होते,
जाळीतून दिसलं:
वर एक तांबडा चतुर घिरट्या घालतोय, राखणीला असल्यासारखा,
आणि खाली त्याची मादी, पिवळट, साधी,
शेपटीचं टोक पाण्याला लावते, उचलते,
पुन्हा लावते,
पोस्टातली बाई पाकिटांवर शिक्के मारते तशी,
वर न बघता.

ना खोली, ना वेखंड.
दांडी तुटलेली प्लॅस्टिकची बादली,
तिच्या बुडाशी साबणाचा पांढरा थर अजून तसाच.
नकाशा तर तिनं मागितलाच नाही.

मी पेन्सिल खाली ठेवली.
खाजगीवाल्यांना हाक मारावीशी वाटली, मारली नाही.
माळ्यावरून एक फळकूट काढलं,
तिरकं लावलं बादलीत,
अंदाजानंच.
एकास तीन भरतं का, मोजलं नाही.

आता कपडे भिजवायला
दुसरी बादली आणावी लागेल.