बारा आणे

पाचपाखाडीत, दातांच्या दवाखान्यावर माझी खोली.
खालून ड्रिलची घरघर येत राहते,
वर आम्ही दोघी, मधे एक कागद.
कागदाला पाच रकाने:
प्रसंग, विचार, भावना, पुरावा, दुसरी बाजू.

यमुनाबाई भोईर, बाळकुम, वय अठ्ठावन्न.
पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
"मना वाटतं, मी कोनाच्या कामाची नाय."
मी म्हटलं, हा झाला विचार.
आता सांगा, वाटतं काय?
त्या बघतच राहिल्या माझ्याकडे.
"आता सांगितलं ना. वाटतं त्येच."

खरंच होतं त्यांचं.
प्रशिक्षणात, एसीच्या हॉलमध्ये,
विचार आणि भावना
दोन वेगळ्या रंगांच्या खडूंनी लिहिल्या होत्या.
इथे एकच क्रियापद,
डोकं आणि काळीज एकाच ताटात जेवतात.
कात्री कुठे लावू?

मग विचारलं, किती वाटतं? शंभरात किती?
त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं.
"बारा आने."
मी लिहिलं, पंचाहत्तर.

मुलगा रिक्षाने सोडतो, वर येत नाही.
शेजारीण म्हणाली होती म्हणे, हिला ठाण्याला पाठवा.
"आमी त ठान्यातलेच, बाय,
आमाला आजून कुठं धाडनार?"
तेव्हा हसल्या.
ते हसू मी नोंदवलं नाही,
त्याला रकाना नव्हता.

दीड वर्ष त्यांच्या घरात वाटण वाटलेलं नाही.
सून पाकिटातला मसाला आणते,
कुणी काही बोलत नाही, जेवतात.
एके काळी हळदीला, साखरपुड्याला
अख्खी आळी त्यांच्या हातचं कालवण मागायची.
मी गृहपाठ दिला: अर्धा नारळ.
भाजायचा, वाटायचा. रांधलं नाही तरी चालेल.

पुढच्या आठवड्यात नारळ तसाच.
त्याच्या पुढच्या आठवड्यात नासला.
तोही त्यांनी पुराव्याच्या रकान्यात टाकला:
बघा, नारळपन नासवला.
माझ्याकडे उत्तर होतं, शिकलेलं, घोटलेलं,
एका नारळावरून अख्खं माणूस मोजू नये वगैरे.
मी ते दिलं. बरोबरच होतं.
टेबलावर पडून राहिलं.
खाली कुणाची तरी दाढ उपटत होते.

त्या रात्री घरी भांडी घासताना
मलाही काहीतरी वाटत होतं.
मी रकाने आखले नाहीत.

नंतर एक आठवडा त्या आल्याच नाहीत.
फोन केला तर सून म्हणाली, झोपल्यात.
मी दुपारची ती वेळ कुणाला दिली नाही,
खुर्चीसमोर बसून बिलं लावली.

मग एका मंगळवारी कागद आला,
चौघडी घातलेला, कडेला पिवळा,
उघडताच खोलीभर भाजलेलं खोबरं, लसूण.
चार रकाने कोरे.
फक्त शेवटच्यात, नातीच्या अक्षरात:
आजीने मिक्सर लावला.
मी म्हटलं आवाज बंद कर, माझा अभ्यास आहे.
आजीने बंद नाही केला.

मी कागद दोनदा वाचला.
"आणि आज? किती?"
पुन्हा पेरांवरून अंगठा फिरला,
मधेच थांबला, एक पेर मागे आला.
"आकरा."

फाईलमध्ये लिहिलं, सव्वासहा टक्के सुधारणा.
मग ते खोडलं.
लिहिलं, एक आणा.