दुसरी वेळ

अ‍ॅलोआच्या काचकारखान्यात बाबा दिवसा साचे घडवायचे,
आणि रात्री, स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
एकदाच भरता येईल अशी बाटली.

व्हिस्कीवाल्यांचं दुखणं तेव्हा तेच होतं.
बाटली रिकामी झाली तरी लेबल तसंच राहतं,
आणि गुत्त्याच्या मागच्या खोलीत तिच्यात
कोण काय ओतेल याचा नेम नाही :
स्पिरिट, करपवलेली साखर, चहाचं पाणी.
लीथच्या एका कंपनीनं बक्षीस लावलं होतं.
बाबांसारखे शंभर जण
शंभर टेबलांवर वाकून बसले असतील.

मी अकरा वर्षांची. माझं काम सोपं.
नरसाळं लावायचं, पाणी ओतायचं,
ते आत जात नाही ना, बघायचं.
पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते
मी हिवाळाभर केलं, बिनपगारी.

गळ्यात काचेची गोळी, वाटाण्याएवढी,
वर बुचाची चकती, त्यावर कथलाची जाळी.
बाटली कलती केली की गोळी घरंगळायची,
धार यायची, धार कसली, थेंब.
उभी केली की गोळी जागेवर. दार बंद.

"पण पहिल्यांदा भरायची कशी?" मी विचारलं.
"आधी भरायची, मग कुलूप ठोकायचं."
"आणि चोरानंही तसंच केलं तर?
ही पहिली वेळ, ही दुसरी,
बाटलीला कसं कळणार?"
बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
काचेला काही आठवत नाही, म्हणाले,
सगळं तिथंच अडलंय.

खिडकीजवळ आईची खुर्ची होती.
तिच्यावर आम्ही कुणी बसत नव्हतो.
वाळलेले कपडेसुद्धा ठेवत नव्हतो.

एकोणिसावी बाटली जमली.
बाबा ती घेऊन बंदराजवळच्या गुत्त्यात गेले.
भरून दाखवेल त्याला दोन पौंड!
खलाशांनी ती हलवली, फुंकली,
तारेनं गोळीला टोचून पाहिलं,
एकानं तिला गेलिकमध्ये शिव्या घातल्या.
गोळी ढिम्म.

टॉवेल न्यायला आलेली धोबीण, ग्रिझेल मॅकरॉब,
कोपऱ्यात उभी राहून हे सगळं बघत होती.
"सोमवारपर्यंत द्या," एवढंच म्हणाली.

सोमवारी आम्ही तिच्या मोरीच्या दारात.
तिनं रिकामी बाटली कपड्यांच्या उकळत्या हंड्यात धरली,
मग एप्रनमध्ये गुंडाळून उचलली
आणि गार चहाच्या भांड्यात पालथी घातली.
आम्ही थांबलो. वाफ विरली.
बाटली निवत गेली, आणि घोट घोट
चहा पीत गेली, तहानलेल्या पोरासारखी.
उभी केली. गोळी टक्कन बसली.
आत अर्ध्यापर्यंत चहा, एक थेंब सांडेना.

"तापली की श्वास सोडते, निवली की घेते.
उशीचे अभ्रेही हंड्यात असंच करतात,
मिस्टर ड्रायस्डेल. तुम्ही कधी धुतले नसतील."

बाबा हसले.
मी नखं चावत होते, ती थांबले.
तो आवाज विसरायला झाला होता मला.

दोन पौंड होते कुठे?
आठवड्याला सहा पेन्स ठरले.
मी मनात हिशेब केला : ऐंशी शनिवार.
मी नेऊन देते म्हटलं तर नको म्हणाले,
स्वतःच जायचे, बूट पुसून,
पावसातसुद्धा. मग पावसात जास्तच वेळ.

बक्षीस पुढे कुणालाच मिळालं नाही, असं ऐकलं.
लोकांना पेला भरायला तीन मिनिटं थांबायचं नव्हतं.
विसावी बाटली बाबांनी केलीच नाही.

एक्याऐंशीव्या शनिवारी कर्ज फिटलेलं होतं.
तेव्हा ती आली.
काखेत स्वतःचं तिपाई स्टूल,
कुणी काही सांगितलेलं नसताना.
चुलीच्या पलीकडं ते मांडून बसली
आणि माझ्या फ्रॉकची उसवलेली शिवण बघू लागली.

खुर्चीला तिनं पुढं एकदाच हात लावला,
धूळ पुसायला.
मी ते पाहिलं.
मी पाहिलं, हे तिनंही पाहिलं,
आणि फडकं माझ्याकडं दिलं.