कूलर बंद करून

सगळ्यात शेवटी कूलर बंद करते.
ताट्यांतून पाणी अजून थोडा वेळ ठिबकतं,
मग तेही थकतं.
बाहेर शेहेचाळीस. मानेवाड्याचा रस्ता
दुपारी दोनला कुत्र्यांनीसुद्धा सोडलेला.
आतून हे विचारतात, ‘काहून बंद केला बाप्पा?’
बारा मिनिटं, म्हणते मी. फक्त बारा.
लाइट गेली असती तर त्यांना परवडलं असतं,
निदान वीज मंडळाला शिव्या तरी देता आल्या असत्या.

मर्सी उमाठेची कॅसेट आहे ही.
वेष्टनावर निळ्या शाईत तिचं ठाशीव अक्षर:
‘कोरस. आवाज कमी ठेवू नये.’
खाली संगीतकाराचं नाव होतं, त्यावर कधीतरी चहा सांडला.
तीनशे वर्षांपूर्वीचा कोणी जर्मन, एवढं लागतं.

आम्ही दोघी ट्रंकवर होतो, एकोणीस वर्षं.
गोंदिया बोला. चंद्रपूर बोला. वर्धा लाइन बिझी आहे.
कधी एका तारेत चार घरं शिरायची,
कुणाचं बारसं, कुणाचा संत्र्यांचा भाव,
कुणी गेल्याची बातमी,
आणि चौथा नुसताच हॅलो हॅलो करणारा.
त्यांना सोडवायचं, हा आमचा पगार.

आणि हा माणूस मुद्दाम गुंता करतो!
आधी खालचे पुरुष एक ओळ म्हणतात.
ती संपायच्या आत बायका तीच ओळ घेऊन वरून घुसतात,
मग पोट्टे, मग आणखी कोणी.
कुणी कुणासाठी थांबत नाही,
कुणी कुणाला गप्प करत नाही.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा हात
आपोआप प्लग उपटायला गेला होता.

भाषा कळत नाही. नाही तर नाही.
पाली तरी कुठे कळायची,
विहारात सगळ्यांबरोबर तोंड हलायचं
आणि नामदेवमामांचा आवाज कायम एक सूर खाली.
पण तिथे सगळे एका दमात एका शब्दावर असायचे.
इथे शब्द तोच, आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं.

मर्सी सदरच्या चर्चमध्ये मधला आवाज गायची.
‘वरचा लोक घरी घेऊन जातात,’ म्हणाली होती एकदा,
‘मधला गळाला की मगच कळतं, काहीतरी गेलं.’
मी लक्ष दिलं नाही.
तिच्या डब्यातल्या वडाभाताकडे होतं माझं लक्ष.

आता शोधते तो. दोन उन्हाळे लागले.
वरच्या बायकांच्या साडीआड उभ्या असाव्यात तशा
त्या चार-पाच जणी,
फार वर नाही, फार खाली नाही,
एकाच जागी जरा जरा हलणाऱ्या.
एकदा सापडल्या की मग सुटत नाहीत.

पाचव्या मिनिटाला सगळे एकदम थांबतात.
आणि श्वास घेतात.
तो ऐकू येतो, खरंच,
थंड दगडी देवळातला, लोकरी कोट घातलेल्या
तीसचाळीस माणसांचा श्वास.
कूलर चालू असता तर हा गेला असता.
माझ्या हनुवटीवरून घाम गळ्यात उतरतो
आणि तिकडे कुणाच्या तरी तोंडातून वाफ निघत असेल.

नवव्या मिनिटाला टेप ताणलेली आहे.
सगळा मेळा अर्धा सूर खाली घसरतो, पुन्हा चढतो,
मध्येच पायरी खचल्यासारखा.
मर्सीच्या मुलाने मोबाइलवर परवा
हेच रेकॉर्डिंग पाठवलं, धुतल्यासारखं स्वच्छ.
त्यात ती खचलेली पायरी नाही.
मी सवयीने पाय खाली टाकला आणि ठेचकाळले.
छान आहे, असं कळवलं त्याला.
ऐकते हीच.

शेवटचा सूर संपला तरी ते देऊळ त्याला सोडत नाही,
बराच वेळ.
मग टेपची नुसती सूं.
दारात हे उभे, बनियनवर, डोक्यावर ओला पंचा.
कधीपासून, कोण जाणे.
‘तो जाड्या आवाजाचा बुवा
दुसऱ्यांदा उशिरा घुसला नं?’

उशिरा नाही, म्हणणार होते. नाही म्हटलं.
कूलर लावला.
पाणी ताट्यांवर चढायला वेळ लागतो.
तोवर गरम वाऱ्यात दोघं बसून राहिलो.