साटंलोटं

मुळाचं टोक साडेआठच्या आत कापायचं.
उशीर झाला की पेशी वाटण्या आटोपून बसतात,
मग दिवसभर भिंगात डोळा घाला, झाकली मूठ.
हे गेसेंगसूनं शिकवलं, लाए शहरात,
पत्र्याच्या प्रयोगशाळेत.
वीज गेली की तो आरसा उन्हाकडे वळवायचा.

आम्लात भिजव, लाल रंगात बुडव,
वर पातळ काच, काचेवर अंगठा.
"ढेकूण मारतेस काय? सरकू देऊ नकोस."

मग मोजणी.
रानकेळ: बावीस.
डोंगरातली ताडमाड केळ, एकट्याच्या कवेत न मावणारी: चौदा.
आभाळाकडे घड धरणारी,
जी खाल्ली की लघवी पिवळीजर्द होते: वीस.
आणि बाजारातली गोड, बिनबियांची: तेहतीस.
तेहतीसचे दोन सारखे वाटे पडत नाहीत.
तिला बी नाही, नुसते मुनवे.

मार्खम नदीपलीकडून केरेंगाआत्या यायची,
कपाळाला अडकवलेल्या झोळीत चिखलासकट मुनवे.
तिकडची केळ आणि आमची, पानाफुलांत फरक शोधून सापडेना.
दोघींचा संकर लावला.
दीड वर्षानं त्याची कळी फोडली
तर जोड्या लागायच्या तिथे
चौघांनी फेर धरलेला.

गेसेंगसू चहा विसरला.
केव्हातरी दोन गुणसूत्रं मोडली असणार, म्हणाला,
ह्याचा तुकडा त्याला, त्याचा ह्याला.
बाहेरून काही कळत नाही.
पुढची पिढी धरायची वेळ आली की अडतं,
निम्मे परागकण पोकळ निघतात.
नवी जात कधी कधी अशी सुरू होते,
देण्याघेण्यातून.

आत्याला म्हटलं, बघ.
तिनं एक डोळा मिटला, मग दुसरा,
मग दोन्ही उघडून माझ्याकडे पाहिलं.
"हे तर साटंलोटं."
तिला नदीपार देऊन
त्या घरची मुलगी बाबांनी करून आणली होती.
ती माझी आई.

"ह्यात मी कुठली?"
चारही सारखीच लाल.
मी उगाच एकीवर सुईचं टोक नेलं.
"बरी आहे की," आत्या म्हणाली,
आणि झोळीतली माती झाडायला बाहेर गेली.

वहीत प्रत्येक नमुन्यापुढे 'मूळ गाव' असा रकाना असतो.
तिच्या केळीपुढे मी आधी अलीकडचं गाव लिहिलं, खोडलं,
पलीकडचं लिहिलं, तेही खोडलं.
तिथं आता शाईचा एक डाग आहे,
आणि खाली, बारीक अक्षरात,
केरेंगाची बाग.