रकाना

लायब्ररीच्या तळघरात, मायक्रोफिल्मच्या मशीनवर
माझी खापरपणजी तीनदा सापडली.
१९१०: लुएला पेटिस, वय सव्वीस, वंश मिश्र.
१९२०: लुएला पेटिस, वय चौतीस, वंश गोरा.
१९३०: लुएला पेटिस, वय एकोणपन्नास, वंश निग्रो.
वयसुद्धा धड नाही. पहिल्या दहा वर्षांत आठनंच वाढली,
पुढच्या दहांत पंधरानं.
वाचता येतं का: नाही. तिन्ही वेळा नाही.

सेमिनारला आम्ही अकरा जण, लंबगोल टेबल,
खिडकीबाहेर ओहायोचा मार्च,
म्हणजे धड बर्फ नाही, धड चिखल नाही.
प्राध्यापक हॅलोरन म्हणाल्या, वंश ही वस्तू नसते,
वंश घडवला जातो.
सगळ्यांनी लिहून घेतलं. मीही घेतलं.
मग सगळे माझ्याकडे बघायला लागले,
जणू मी आत्ताच कारखान्यातून आलेय
आणि पावती माझ्याच खिशात आहे.

फक्त एलिस वहीत बघत राहिले.
(राहिले, आले, बसले:
त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
मला 'तो'त कोंबू नका, 'ती'तही नको.
बाकीचे अजून अडखळतात. मला जड गेलं नाही,
आमच्या चर्चच्या डीकनना आम्ही असंच तर बोलतो.)
जिन्यात एलिस म्हणाले,
तुझ्या पणजीचं निदान तीनदा तरी बदललं.
माझ्या दाखल्यावर एकच अक्षर.
नर्सनं घड्याळही न बघता लिहिलं
आणि पेन, आई सांगते, नवंकोरं होतं.

मी चौदा पानं लिहिली.
लुएला रेषा ओलांडते. लुएला परत येते.
१९२० साली ती गोरी होते तो परिच्छेद
मी रात्री दोनला लिहिला, थोडी रडले,
तिला एक टोपीही दिली, करडी, जाळीची.
तिला गाडीत पुढच्या डब्यात बसवलं.
तळटिपा एकतीस.

मग रविवारी ओडेसा आजीला फोन केला.
ती शहाऐंशीची. फोन कानापासून लांब धरते,
त्यामुळे तिच्याशी बोलताना
आधी तिच्या टीव्हीशी बोलावं लागतं.
मी रकाने वाचून दाखवले.
ती इतकी हसली की खोकला लागला.

अगं, तो जनगणनेचा माणूस दारापर्यंत आलाच नाही कधी.
आजीचा कुत्रा होता ना, बिशप.
आजीनं पाळले ते सगळे बिशपच.
त्याला बघून तो फाटकाबाहेरूनच वळायचा
आणि शेजारी विचारून लिहायचा.
आधी शेजारी घरमालकीण होती, तिला सगळ्यांचं सगळं माहीत.
मग बेकरीवाला जर्मन म्हातारा आला,
त्याचे डोळे गेलेले, पण कबूल करायचा नाही.
मग कोण आलं ते मला आठवत नाही,
पण भलं माणूस नसणार.

आणि टोपी? मी विचारलं.
कसली टोपी?

आणि वाचायला येत नव्हतं?
आजी? गल्लीतली सगळी पत्रं तीच वाचायची.
तिच्या नावाची नसलेलीसुद्धा.
थोडं थांबून म्हणाली, जेवतेस ना तिथे?

उद्या दुपारी बारापर्यंत निबंध द्यायचाय.
एलिसना सांगितलं तेव्हा ते जमिनीवरच बसले, हसत,
मग एकदम गप्प झाले. म्हणाले,
म्हणजे तिला कुणी विचारलंच नाही.

पहिली बारा पानं काढून टाकलीत.
आता नुसता एक कुत्रा आहे, एक फाटक,
आणि पलीकडे एक बाई, अंगणात धुणं वाळत घालणारी,
जिला मी अजून काही नेसवलेलं नाही.
बत्तिसावी तळटीप कशी लिहायची कळत नाहीये.
बिशप, असं लिहिलंय. स्वल्पविराम.
पुढे त्याचा वंश विचारतील, म्हणून थांबलेय.