सही

हरभट रोडच्या स्टुडिओचा शिक्का मागे,
पुढे शिदू मगदूम, लांग कसून,
खांद्यावर चांदीची गदा,
अन् पोटरीवरून तिरकी गेलेली
निळ्या शाईतली सही.
असे सात जमवले मी, वीस वर्षांत.
जुन्या बाजारातून, सलूनच्या भिंतीवरून,
एक तर रद्दीवाल्याशी भांडून.
भिंगाखाली 'म'ची गाठ बघून सांगायचो,
खरी की खोटी.

पलूसला त्यांच्या तानूबाई भेटल्या.
फोटो चाळत पदराआड हसल्या :
"त्यास्नी कुठं येत हुतं लिवाय?
चौथी शिकल्याली मी. समद्या माज्याच."

चहा निवला.
आठवा फोटो पिशवीत होता, कोरा.
पेन पुढं केलं.
त्या म्हणाल्या,
"त्यांची करू, का माजी?"