मठार

रविवारी दुकानाचं शटर अर्धंच वर असतं.
तेवढ्यातून वाकून यशोधन आत आला,
पिशवीला विमानतळाची चिकटपट्टी अजून तशीच,
एका हातात डग्गा, दुसऱ्यात फोन,
आणि ऐरणीशेजारच्या पोत्यावर बसून म्हणाला,
चारशे बारा आहेत. घाई नाही ना?

मला कसली घाई.
सोमवारपर्यंत एक घंगाळ, दोन पळ्या,
तेही गिऱ्हाईक ओझरचं, उशिराच येणारं.

माझा अंगठा फोनला ओळखू येत नाही,
तांब्याने त्यावरच्या रेषा खाल्ल्यात.
म्हणून फोटो तोच सरकवत राहिला,
शाईवर तिरकिट उमटवावं तसा, बोटाच्या टोकाने.

हे ब्रनो. हा ओताकर, चेलो वाजवतो, बदकं पाळतो.
हे पोर्तो. पायऱ्याच पायऱ्या, थेट पाण्यापर्यंत,
आपल्या गंगेवर असतात तशा,
फक्त धुणं आपटणारं कुणी नाही.
ही ग्रासा, फरशांवर निळं रंगवते.
हिच्या स्वयंपाकघरात अकरा माणसं, चार खुर्च्या,
रात्री दीड वाजता मालकंस.
खालच्या मजल्यावरची बाई भांडायला वर आली
आणि दाराशीच बसून राहिली.
तिच्या दोन पायांत दोन वेगळ्या सपाता.

माणसं मी बघत होतो,
पण नजर दर वेळी घसरून खाली यायची,
गालिच्याच्या कडेला, डग्ग्यावर.
घडवला मीच. बुडाशी मठार दाट, पोटावर विरळ,
डाव्या अंगाला एक ठोका चुकलेला,
भद्रकालीत कुणी फटाका लावला होता तेव्हा.

थंडीत पुडी चढली असेल?
चढली ना. ओताकर म्हणाला, बदकांच्या खोलीत ठेव,
घरात तेवढीच एक जागा उबदार आहे.

थांब, म्हटलं. मोठं कर.
माणसं नको. डग्गा.
त्याने दोन बोटं फाकवली.
मठाराच्या एकेका खुणेत, मसुराएवढी,
दोन्ही हात वर धरलेली,
एक डोळा मिटलेली बाई.
शंभर तरी असतील. तांब्यात तांब्याच्या रंगाच्या.

शरयू.
कालिकेच्या यात्रेत वीस रुपयांत चेहरे काढून द्यायची,
माझं नाक तिने ऐरणीसारखं काढलं होतं.
चारशे बारांत एकातही नाही ती.
आणि बघायला गेलं तर सगळ्यांत.

मग मी शहरांची नावं विचारायचं सोडून दिलं.
लिंझला तिच्या गळ्यात मफलर होता.
त्रिएस्तला डोकं लहान दिसलं,
केस कापले का रे?
हो, तो म्हणाला. मला दोन दिवसांनी कळलं.

घेंट शेवटचं.
पूल, बोटी, राखाडी उजेड.
एका छापखान्याच्या दारात यशोधन एकटा, मांडी घालून,
हात डग्ग्यावर, पण वाजवत नाहीये.
डग्गा लख्ख पुसलेला.
आणि मी न सांगताच त्याने बोटं फाकवली.
प्रत्येक खुणेत एक खुर्ची,
खुर्चीवर पुस्तकांची चळत,
चळतीला टेकवून ठेवलेला फोन.

मी काही बोललो नाही.
त्याने फोन पोत्यावर पालथा घातला,
समोरच्या घंगाळाला नखाने टिचकी मारली,
कान लावला.
काळी दोन?
पांढरी चार, मी म्हटलं. भरलं की उतरतं.

चहा आला, तो त्याने बशीत ओतून
बशीतच गार होऊ दिला.
बाहेर दोन भांडी पलीकडे कुणीतरी
कळशीचं बूड बसवत होतं, लय धरून,
एरवी त्याने मांडीवर ताल धरला असता.

वाकून, शटरखालून, गेला.
डग्गा ठेवून गेला. पुडी बदलायची आहे म्हणाला.

पुडी चांगली आहे.
आणि पुडी मी बसवत नाही,
पुडी बोहोरपट्टीत बसवून मिळते,
हे त्याला वीस वर्षं माहीत आहे.